न चाखलेलं पातेलं

त्या स्वयंपाकघरात चमच्याशिवाय कुणी आचारी नव्हता. सुरी बोथट झाली तर शेजाऱ्याची मागून घ्यायची, टोपी घरी राहिली तर डोक्याला फडकं गुंडाळायचं, इतपत सगळं चालायचं. पण ॲप्रनच्या वरच्या खिशात चमचा नाही म्हणजे तो माणूस आचारी नाही, एवढं पक्कं. शेगडीपुढे उभं राहण्याच्या लायकीचा कुणी झाला की वस्ताद कपाटातून लांब दांड्याचा एक स्टीलचा चमचा काढायचे आणि स्वतःच्या हातानं त्याच्या खिशात खोवायचे. त्या दिवसापासून त्यानं चाखल्याशिवाय एकही पातेलं बाहेर जेवणाच्या हॉलकडे जायचं नाही. बिनचमच्याची माणसं तिथं दोनच होती. एक फरशी पुसणारा म्हातारा आणि दुसरी भाजीबाई.

भाजीबाई हे काही तिचं नाव नव्हे. पहिल्या दिवशी सगळे जेवायला बसले, हिनं डबा उघडला, आत पोळी आणि कोबी. दुसऱ्या दिवशी पोळी आणि दुधी. तिसऱ्या दिवशी कुणीतरी डब्यात डोकावलं आणि आपल्या भाषेत काहीतरी बोललं, त्यावर सगळं स्वयंपाकघर हसलं. अर्थ कळायला तिला थोडे दिवस लागले, तोवर नाव चिकटून गेलं होतं. तिनंही ते काढायला सांगितलं नाही. खऱ्या नावाचे त्या लोकांनी जिभेवर घेऊन इतके हाल केले होते की त्यापेक्षा भाजीबाई बरं.

हे स्वयंपाकघर होतं एका कारखान्याचं. मागच्या अंगाला लोखंडी पाइप वाकवायचे, पुढच्या अंगाला ते वाकवणाऱ्यांना जेवू घालायचं. दुपारचा भोंगा झाला की माणसं अशी यायची की सकाळपासून नाही, जन्मापासून उपाशी आहेत. आणि त्यांना ताटात मांस नसलं की जेवल्यासारखंच वाटायचं नाही. वाटाण्यात मांस, बटाट्यात मांस, कधी नव्हे तो भात केला तर त्यावरही कातडीसकट काहीतरी ठेवलेलं.

"मग तू जगतेस कशावर?" वस्तादांचा मुख्य मदतनीस तिला एकदा काळजीनं विचारत होता.

"तुमच्यासारखीच. खाऊन," ती म्हणाली.

ह्या मदतनिसाचं तिनं मनातल्या मनात होयबा असं बारसं केलं होतं. वस्ताद म्हणाले आज गरम होतंय, की हा घाम पुसणार. वस्ताद म्हणाले गार आहे, की हा बाह्या खाली ओढणार. माणूस वाईट नव्हता. पाठीला कणा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं इतकंच. आणि वस्ताद हे नावही तिचंच. धिप्पाड देह, बोलणं कमी, बघणं फार. पातेल्याच्या कडेला डाग दिसला तर ते बोलायचे नाहीत, नुसते त्या डागाजवळ येऊन उभे राहायचे. ज्याचा डाग असेल त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

भाजीबाई आधी मोरीवर होती. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, समोर वाफाळलेलं पाणी आणि चरबीनं तुळतुळीत झालेल्या भांड्यांचा डोंगर. मग जोडीला तिला भाज्या चिरायला बसवलं. लग्नाआधी ती आत्याच्या हाताखाली पंगतीचा स्वयंपाक करायची. पोतंभर कांदा चिरताना जिचे डोळे ओले व्हायचे नाहीत ती बाई भांडी घासायला सातासमुद्रापलीकडे आली नव्हती, आणि हे तिला रोज मोरीपुढे उभं राहिलं की नव्यानं आठवायचं. शेगडी तिथून चार पावलांवर होती. शेगडीवर कुणाची आच मोठी झालीय, कुणाचं तळाला लागतंय, हे तिला पाठ वळवलेली असताना कळायचं. बोलता येत नव्हतं, कारण मोरीवरच्या बाईला कोण विचारतंय!

मग रस्सा करणाऱ्या बाईचे गुडघे गेले आणि तिनं काम सोडलं. तिचा मोठा टोप दोन दिवस होयबानं कसाबसा सांभाळला. तिसऱ्या दिवशी वस्ताद भाजीबाईच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. डाग कुठाय ते ती शोधायला लागली.

"हा कांदा तू चिरलास?"

"हो."

"उद्यापासून रस्सा तू करायचा."

असं म्हणून त्यांनी कपाटातून चमचा काढला आणि पुढे केला. आता कुणीही शहाणी बाई काय करते? चमचा घेते, मान लववते आणि घरी जाऊन पेढे वाटते. ही हात मागे घेऊन उभी राहिली.

"मी चाखणार नाही," ती म्हणाली. "हाडं धुवीन, उकळीन, गाळीन, सगळं करीन. तोंडात नाही घालणार."

स्वयंपाकघर हसलं. होयबानं आधी वस्तादांकडे बघितलं, ते हसत नव्हते, म्हणून तो अर्ध्यातच थांबला.

"न चाखता रस्सा?"

"हो."

वस्तादांनी चमचा परत कपाटात ठेवला. "उद्या करून दाखव. उद्यापुरतं मी चाखतो. बिघडलं तर परत मोरी. मग चमचा घ्यायची तयारी झाली की ये, नाहीतर येऊ नकोस."

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा नवरा मोजे काढत होता. तो एका गोदामात माल चढवायचं यंत्र चालवायचा. इथं आल्यावर पहिल्याच थंडीत त्यानं खायला सुरुवात केली होती, आणि लपवाछपवी न करता सरळ येऊन सांगितलं होतं. तिनंही आकांडतांडव केलं नव्हतं. घरात नाही, गॅलरीत, एवढंच म्हणाली होती. तेव्हापासून गॅलरीत त्याची एक विजेची शेगडी, एक कढई आणि एक तिपाई असा वेगळा संसार होता.

"अगं, एक चमचा," तो म्हणाला. "एक थेंब जिभेला लावायचा, चूळ भरायची. कुणाला कळणारे?"

"मला कळेल की."

"त्यानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"नाही कोसळणार. म्हणून लावायचा?"

तेवढ्यात नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्यानं भोळेपणानं तिलाही सगळं सांगून टाकलं, आणि मग जे व्हायचं ते झालं.

"म्हणजे आता हाडं शिजवणार तू?" नणंद पलीकडून म्हणाली. "हात लावलास म्हणजे बाटलीसच की गं. मग तोंडात घातलं काय आणि न घातलं काय!"

"वन्सं, हात धुता येतात."

"मन धुता येतं का?"

"मन मी खातच नाही त्यांचं," ती म्हणाली आणि भाताचा कुकर लावायला उठली. कुकरचं झाकण तिनं जरा जोरातच लावलं.

राग तिला दोघांचाही आला होता. एकाचं म्हणणं, एवढंसं खाल्लं तर काही बिघडत नाही. दुसरीचं म्हणणं, हात लावलास तिथंच सगळं बिघडलं. म्हणजे दोघांच्या मते हिनं ओढलेल्या रेघेला काही अर्थ नाही. का खात नाहीस, असं कुणी विचारलं की तिला धड उत्तरही देता यायचं नाही. लहानपणी घरात नव्हतं, हे खरं. देवाधर्माचं म्हणावं तर महिनोन्महिने देवळाचं तोंड बघत नव्हती. कोंबडी बघून गहिवरून यायची असंही नाही. पण इथं येताना तिनं एकेक सोडत आणलं होतं. साडी सुटली, बोली सुटली, पंगतीतला मान सुटला, नावसुद्धा दुसऱ्यांनी ठेवलेलं पत्करलं. एवढी एक गोष्ट अशी होती की जी तिनं ठरवली होती आणि अजून तिच्याच ताब्यात होती. ती कुणाच्या सोयीसाठी ती सोडणार नव्हती. आणि शेगडीही सोडणार नव्हती. दोन्ही पाहिजे होतं तिला, आणि दोन्ही मागण्यात काही चूक आहे असं तिला वाटत नव्हतं.

न चाखता रस्सा करीन, हे ती हवेत बोललेली नव्हती. आत्याच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक कुणी चाखायचा नाही. देवाच्या आधी जीभ लावायची नाही, उष्टं होतं. आणि आत्याकडे नैवेद्य म्हणजे वाटीभर खीर नव्हे. देवापुढे ताट, आणि मागे वाढायला शंभर पानं. आमटी, कढी, भाज्या, कोशिंबिरी, सगळं न चाखता व्हायचं आणि त्यात कधी कुणी मीठ मागून घेतलेलं तिनं पाहिलं नव्हतं. आत्यानं तिला मूठ शिकवली. कुठल्या पातेल्याला किती मुठी, पाणी आटलं तर किती कमी. पळीच्या दांड्यावर पाण्याची पातळी बघायची. वाफेवर तळहात धरून मग तो हुंगायचा. अळणी आमटीचा वास नाकात भिरभिरत राहतो, मीठ बसलं की वासही बसतो, असं आत्या म्हणायची. पोरीला आधी ती थाप वाटली होती. मग एक दिवस नाकाला ते कळलं, आणि कळलं ते कळलंच.

दुसऱ्या दिवशी ती पदर खोचल्यासारखा ॲप्रन आवळून शेगडीपुढे उभी राहिली. टोपात हाडं उकळत होती, होयबानं सकाळीच चढवून ठेवली होती. वास एकदम अंगावर आला. तिनं खिडकीशी जाऊन दोन श्वास घेतले आणि परत आली. कांदा घातला, कंदमुळं घातली, आच मंद केली, वर येणारा मळकट फेस काढत राहिली. पातळी बघितली. टोपाच्या मापानं मूठ मोजून मीठ घातलं. वाफेवर हात धरला, पण ह्या वासाची नाकाला ओळखच नव्हती. मुठीवर भरवसा ठेवून तिनं झाकण ठेवलं.

भोंगा व्हायच्या जरा आधी वस्तादांनी चमचा बुडवला, तोंडात घातला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की होयबानं न चाखताच स्वतःचाही तसा करून घेतला.

"खारट," वस्ताद म्हणाले. "नुसतं खारट नाही. मीठच."

भोंगा झाला. आता दुसरं काही करायला वेळ नव्हता. त्यांनी उकळतं पाणी ओतलं, बटाटे ढकलले, आणि तो रस्सा पातळही झाला आणि खारटही राहिला. हॉलमध्ये माणसांनी पाण्याचे जग रिकामे केले, मग भरून आणलेलेही रिकामे केले. एकानं खिडकीतून आत डोकं घालून विचारलं की समुद्र कुठून आणलात. वस्ताद ओरडले नाहीत. भाजीबाईच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि मोरीकडे बोट केलं. तिनं हातमोजे चढवले. पोतंभर कांद्यानं ओले न होणारे डोळे आता मात्र भरून आले.

चार दिवस ती घासत राहिली आणि विचार करत राहिली. मूठ चुकली नव्हती. ह्या हातचं हजार माणसं जेवली होती. पाणी आटलं नव्हतं, दांड्यावर बघितलं होतं. मग मीठ आलं कुठून? शरमेपेक्षा हा प्रश्न तिला जास्त छळत होता. नवऱ्यानं एकदा "जाऊ दे ना" म्हटलं, तर तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो ताट उचलून गॅलरीत गेला.

पाचव्या दिवशी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर आली. होयबा टोप चढवत होता. आता रस्सा पुन्हा त्याच्याच गळ्यात पडला होता. त्यानं फ्रीजमधून एक बादली काढली आणि त्यातलं पाणी बिनदिक्कत टोपात ओतलं.

"हे काय?"

"कालचा उरलेला रस्सा. त्यात आजचा करायचा. चव धरते."

"रोज ओतता?"

"रोज. कालचा काय कालच टाकून द्यायचा? वेडी आहेस?"

"आणि त्यात मीठ असतं?"

"असणारच की."

भाजीबाईनं रबरी हातमोजा घातलेला हात कपाळावर मारून घेतला, फेस लागला तरी तिला हसू आवरेना. नैवेद्याला शिळं चालत नाही. आत्याच्या घरात कुठलंही पातेलं रिकामं, घासूनपुसून लखलखीत असल्याशिवाय चुलीवर चढलेलंच तिनं पाहिलं नव्हतं. शिजत्या पातेल्यात आधीच कालचं काही असेल, ही शंका तिच्या सात पिढ्यांत कुणाला आली नसती. इथं मात्र काल आजच्या पोटात बसलेला होता, मिठासकट.

ती तशीच फेसाळ कपाळानं वस्तादांपुढे जाऊन उभी राहिली.

"मला अजून एक दिवस द्या. पण टोप रिकामा पाहिजे. पाण्यापासून सगळं मी करणार, दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही."

"आणि कालचं?"

"कालचं भाजलेल्या मांसावर घालायच्या पातळ मसाल्यात घाला. त्यात तुम्ही चाखूनच मीठ घालता."

वस्तादांनी तिच्या कपाळावरचा फेस बघितला. "बुधवारी," ते म्हणाले.

"आणि आज जाताना डबाभर हाडांचं पाणी न्यायला द्या. बिनमिठाचं."

"तू तर खात नाहीस."

"मी नाही. नवरा खातो."

तर त्या दिवसापासून बिचाऱ्या नवऱ्याचे संध्याकाळचे हाल सुरू झाले. गॅलरीत कडाक्याची थंडी. हा कानाला मफलर बांधून तिपाईवर बसलेला, समोर विजेच्या शेगडीवर ते पाणी, आणि ओळीनं वाट्या. ती एकेका वाटीत मीठ घालायची, वाफ तळहातावर धरायची, हुंगायची आणि आधी आपलं मत सांगायची. मग तो चाखायचा.

"ही अळणी," ती म्हणायची.

"अळणी," तो म्हणायचा.

"ही बरोबर."

"जरा कमी आहे."

"नीट चाखा. थंडीनं जीभ गारठलीय तुमची."

"जिभेचं काय विचारतेस, कान गळून पडायची वेळ आलीय! अगं, ज्याला मांस खातो म्हणून गॅलरीत बसवलंस, त्यालाच आता पोटभर पाजतेयस की."

"तुमच्या जिभेचा पहिल्यांदाच घराला काहीतरी उपयोग होतोय. चाखा."

पहिल्या दिवशी ती निम्म्या वेळा चुकली. त्या वासाला जवळ करायचं म्हणजे त्याच्यापासून तोंड फिरवायचं नाही, हे तिला तिथं कळलं. तोंडात घालायचं नाही म्हणून तिला इतरांपेक्षा त्या पाण्याच्या जास्त जवळ जावं लागत होतं. वाफेत नाक घालून, डोळे मिटून ती उभी राहायची. हळूहळू ह्या वासाचीही खूण पटायला लागली. बिनमिठाचं पाणी नाकाला ओलं, कच्चं लागायचं. मीठ बसलं की कच्चेपणा खाली जायचा. मंगळवारी संध्याकाळी तिनं एकही वाटी चुकवली नाही. नवऱ्यानं शेवटची वाटी खाली ठेवली आणि मफलर सोडत म्हणाला, "उद्या कुणी काही म्हणालं तरी हटू नकोस." हे तो म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं घाईघाईनं वाट्या गोळा केल्या, कारण तिला रडू येत होतं.

बुधवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. टोप आतून घासला, बाहेरून घासला, उजेडाकडे धरून बघितला. स्वतः पाणी भरलं, स्वतः हाडं धुतली. फेस काढला, कांदा, कंदमुळं, मंद आच. पातळी बघितली, मूठ मोजली, आटल्याचं वजा केलं. वाफेवर हात धरला आणि हुंगला. वास बसला होता. तिला काडीचीही शंका नव्हती.

वस्ताद उशिरा आले. नाक टोमॅटोसारखं लाल, डोळे पाणावलेले, खिशात चमच्याशेजारी मोठा रुमाल. सर्दी झालीय का, असं फरशी पुसणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं तर त्याच्यावर खेकसले. भोंग्याला थोडा अवकाश असताना ते टोपापाशी आले. चमचा बुडवला, फुंकर घातली, चाखला. पुन्हा चाखला.

"मीठ कमी आहे. घाल."

भाजीबाईचा हात मिठाच्या डब्याकडे गेला नाही.

"बरोबर आहे, वस्ताद."

सुऱ्या थांबल्या. वस्तादांनी चाखल्यावर आजवर कुणी बरोबर की चूक हे बोललं नव्हतं. ते होयबाकडे वळले. होयबानं चमचा बुडवला, तोंडात घातला, आणि एक क्षण त्याचा चेहरा खुलला. मग त्यानं वर, वस्तादांच्या तोंडाकडे बघितलं.

"कमीच आहे जरा," तो म्हणाला.

मांस भाजणाऱ्या आचाऱ्यानं चाखलं. त्यानंही आधी वस्तादांकडे बघितलं. "कमी."

वस्तादांनी स्वतःचा चमचा धुतला, टोपात बुडवला आणि भरलेला चमचा तिच्यापुढे धरला.

"तू चाख. चाखून माझ्या तोंडावर सांग बरोबर आहे म्हणून. मी मान्य करतो. रस्सा तुझा, टोप तुझा. उद्यापासून पुन्हा चाखायला सांगणार नाही."

चमच्यातून वाफ येत होती. ती मोडली असती तर तिथंच मोडली असती. कारण हे काही बळेच खायला घालणं नव्हतं, हिणवणं नव्हतं. माणूस सरळ मनानं सांगत होता, एक चमचा आणि सगळं तुझं. घरी जाऊन चूळ भरली असती. नवऱ्यानं समजून घेतलं असतं, नणंदेच्या मते तर ती बाटलेलीच होती. तिला नाही म्हणायला जगात कुणीच लावत नव्हतं. तिच्या लक्षात आलं की म्हणूनच हे नाही म्हणणं पूर्ण तिचं आहे.

"नाही," ती म्हणाली. "वस्ताद, ह्यांनी चाखलं आणि तुमच्या तोंडाकडे बघून सांगितलं. मी टोपाकडे बघून सांगतेय. मीठ बरोबर आहे. आणि तुम्हाला सर्दी झालीय."

"नाही झालेली," वस्ताद म्हणाले आणि लगेच शिंकले.

हसायची हिंमत कुणाच्यात होती!

"हॉलमध्ये प्रत्येक टेबलावर मिठाची बाटली आहे," भाजीबाई म्हणाली. "टोप असाच जाऊ द्या. रस्सा घेतलेल्या एका जरी माणसानं बाटलीला हात घातला, तरी मी स्वतःहून मोरीवर जाईन आणि परत शेगडीचं नाव काढणार नाही."

भोंगा झाला. वस्तादांनी रुमालात नाक शिंकरलं आणि होयबाला मानेनं खुणावलं. टोप गेला.

वाढायच्या खिडकीत एका बाजूला वस्ताद, एका बाजूला भाजीबाई, मागे बाकीचे टाचा उंचावून. बाहेर माणसं बसली, चमचे वाजायला लागले. एक घास, दोन घास. पाव मोडले गेले. पाण्याचे जग जागच्या जागी होते. एका टेबलावर एक पांढऱ्या मिशांचा जुना कामगार होता. त्याची ख्याती अशी की ताट समोर येताच चव न बघता आधी मीठ मारायचं. त्यानं एक चमचा रस्सा घेतला आणि हात लांब केला. म्हाताऱ्याच्या बोटांनी बाटली पकडली, उचलली, आणि बाजूला सरकवली. कोपर टेकायला त्याला जागा पाहिजे होती. मग कोपर टेकून तो वाडग्यावर असा वाकला की वाडगा रिकामा होईपर्यंत त्याचं टक्कलच दिसत होतं.

पहिली रांग उठली, दुसरी बसली, तीही उठली. टोप परत आला तेव्हा तळाला पळीभरसुद्धा उरलेलं नव्हतं. उद्याच्या बादलीत ओतायला काही नाही म्हणून होयबा हळहळला, आणि मग हळूच तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "मला बरोबरच लागलं होतं." हे तेव्हाच बोलायला हवं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं.

वस्ताद कपाटाकडे गेले. लांब दांड्याचा चमचा काढला आणि येऊन तिच्या ॲप्रनच्या खिशात खोवला.

"मी चाखत नाही, वस्ताद. मला काय करायचाय?"

"आचाऱ्याच्या खिशात चमचा असतो. त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ." मग जरा घुटमळून त्यांनी शेजारच्या पातेल्याचं झाकण उचललं, रात्रपाळीसाठी काहीतरी शिजत होतं. इकडेतिकडे बघत ते पुटपुटले, "ह्याचा वास घे जरा. कमी आहे की जास्त? सर्दीमुळे नाही विचारत. सहज."

तिनं वाफेवर हात धरला, हुंगला. "अळणी आहे."

वस्तादांनी मीठ घातलं. चाखलं नाही.

मग तिचे पाय दुखायला लागले, भूक लागली, सगळं एकदमच लागलं. हॉल रिकामा झाला होता. ती डबा घेऊन पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याच्या टेबलाशी बसली. खिशातला चमचा काढला, नवा कोरा होता, तरी तिनं तो नळाखाली दोनदा घासून आणला होता. डबा उघडला. वरणभात. पहाटे टोपाच्याच विचारात कसाबसा कालवलेला. तिनं चमचा भरून घास घेतला आणि थांबली.

वरणात मीठच नव्हतं.

ती एकटीच हसायला लागली, इतकी की खिडकीतून होयबानं डोकं बाहेर काढलं. हसता हसता तिनं हात लांब केला आणि म्हाताऱ्यानं सरकवून ठेवलेली बाटली जवळ ओढली. त्या दिवशी त्या हॉलमध्ये मिठाला हात लावणारी ती एकटीच होती.